दहा अक्षरांत मावत नाही



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आज जरा यंत्रातलं लिहिणार आहे. घरच्यांनी लगेच पान बंद करू नये, कारण यात मामा आहे. मधले दोन-तीन परिच्छेद उडी मारून पुढे गेलात तरी चालेल, रागावणार नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकते. ज्याच्याकडे जुना हार्डवेअर सिंथेसायझर आहे आणि त्यात स्वतः बनवलेले आवाज आहेत, त्याने ते आवाज एखाद्या साध्या, उघड्या, स्वतःच्या ताब्यातल्या डेटाबेसमध्ये उतरवून ठेवावेत. सिंथच्या पोटात नाही, फ्लॉपीवर नाही, आणि आवाज सांभाळायचे जे तयार ‘लायब्ररियन’ प्रोग्रॅम मिळतात, त्यांच्या एकट्याच्या भरवशावर तर अजिबात नाही. माझ्या वाजवणाऱ्या मित्रांना हे पटत नाही. त्यांच्या मते हे कारकुनी काम आहे. वादकाने वाजवावं, याद्या करत बसू नये. माझी रोजीरोटीच डेटाबेसवर चालते, त्यामुळे मला सगळीकडे टेबलंच दिसतात, असाही एक टोमणा असतो. असू दे.

तर मामाचा ‘कॅसिओ’. आमच्या घरी त्याला आजही सगळे कॅसिओच म्हणतात, कारण त्या काळात पट्ट्या असलेल्या आणि वायर लावून चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला कॅसिओच म्हणायचे. प्रत्यक्षात तो यामाहाचा डीएक्स ७ आहे. १९८३ साली बाजारात आलेला. मामाने तो काही वर्षांनी वापरलेलाच घेतला, मुंबईहून, बोटीवर नोकरीला असलेल्या एका ओळखीच्या माणसाकरवी. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यातल्या ऑर्केस्ट्रात तो त्याच्यावर पेटी, सनई, बासरी, व्हायोलिनचा ताफा, सगळं वाजवायचा. आता उजवा हात साथ देत नाही. म्हणून यंत्र माझ्याकडे पुण्याला आलं आहे, आणि मामा सांगलीला आहे.

या यंत्रात ध्वनिमुद्रित केलेलं काहीच नाही. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधलेली एफएम पद्धत त्यात आहे. सहा साधे स्वर-जनक, त्यांना ‘ऑपरेटर’ म्हणतात. एकाने दुसऱ्याला हलवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. कोण कुणाला हलवणार याच्या ३२ ठरलेल्या जोडण्या आहेत, त्या म्हणजे ‘अल्गोरिदम’. प्रत्येक ऑपरेटरचे २१ आकडे, सहांचे १२६, आणि सगळ्यांचे मिळून आणखी १९. म्हणजे एक आवाज म्हणजे १४५ आकडे, आणि वर दहा अक्षरांचं नाव. बस्स. मामाची सनई म्हणजे हे १४५ आकडे. ते बदलायला समोर एक सरकपट्टी, दोन बटणं आणि दोन ओळींचा छोटासा पडदा, एका वेळी एकच आकडा दिसणार. या खिडकीतून मामाने रात्र-रात्र बसून सनई बनवली. मला याचं फार नवल वाटतं.

आणि हे सगळं आतल्या एका तीन व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर टिकून असतं. यंत्रात ३२ आवाजांना जागा. बॅटरी संपली की ३२ च्या ३२ गेले. जुन्या कॅसेटसारखे हळूहळू खराब होत नाहीत, की ‘थोडे तरी वाचले’ म्हणता येईल. म्हणून यंत्र घरी आल्यावर पहिलं काम मी केलं ते आवाज बाहेर काढायचं. मिडीच्या वायरीतून ३२ आवाजांचा गठ्ठा येतो तो ४,१०४ बाइटांचा. सुरुवातीला ‘हा यामाहाचा माल आहे’ वगैरे सांगणारे सहा बाइट, मग ४,०९६ बाइट आवाज, मग एक बेरीज ताडून पाहायचा आणि एक समाप्तीचा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, त्यामुळे सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मामाची पंधरा-वीस वर्षं सव्वा सेकंदात वायरीतून आली आणि बारक्याशा फोटोपेक्षाही लहान फाइलमध्ये बसली.

इथे बहुतेक लोक थांबतात. फाइल निघाली, ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवली, काम झालं. माझं म्हणणं आहे की काम इथून सुरू होतं.

कारण त्या फाइलमध्ये नावाला जागा किती? दहा अक्षरं. तीही रोमन. मामाच्या ३२ नावांतलं एक होतं ‘पीटीआय के१’. दुसरं ‘पीटीआय पी४’. मग ‘एसएनएल २’. आणि एक तर एका बाईंच्या नावाची नुसती आद्याक्षरं. कुणी बनवला, कशासाठी बनवला, कुठल्या गाण्यात वाजवला, यासाठी त्या १२८ बाइटांत एकही रकाना नाही. इंटरनेटवर डीएक्स ७ चे हजारो आवाज फिरतात, त्यांच्यावर कुणाचंही नाव नसतं ते याचमुळे. कारखान्यातून येणाऱ्या आवाजांचं बरंचसं श्रेय डेव्ह ब्रिस्टो आणि गॅरी ल्युएनबर्गर या दोघांना जातं. ‘ई. पियानो १’ सगळ्या जगाने ऐकला आहे, पण ही दोन नावं किती वादकांना सांगता येतील? मग सांगलीच्या माणसाचं काय घेऊन बसलात.

तयार लायब्ररियनमध्ये शेरे लिहायला जागा असते, हे खरं आहे. काही प्रोग्रॅम तर फार सुंदर होते. पण त्यांचा इतिहास बघा. ऑपकोड ही या क्षेत्रातली मोठी कंपनी, ती १९९८ साली गिब्सनने घेतली आणि वर्षभरात तिचं काम थांबलं. ईमॅजिकचा ‘साउंडडायव्हर’ अनेकांचा लाडका होता. २००२ साली अ‍ॅपलने ईमॅजिक विकत घेतली, त्यांचा ‘लॉजिक’ पुढे जोरात चालला, साउंडडायव्हर मात्र मागे राहिला. यात कुणी दुष्टपणा केला असं नाही. धंदा आहे. पण तुमचे शेरे त्यांच्या स्वतःच्या साच्यात अडकलेले असतील तर ते उघडायला तुम्हाला एखादा जुना संगणक जपून ठेवावा लागतो. म्हणजे एका म्हाताऱ्या यंत्राची आठवण जपायला दुसरं म्हातारं यंत्र. दोघांच्याही बॅटऱ्या तुम्हीच बघायच्या.

मी एसक्यूएलाइट वापरते. २००० सालापासून आहे, फुकट आहे, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दीर्घकाळ जपण्याच्या शिफारशीच्या यादीत तिला जागा दिली आहे. तुम्हाला फाइलमेकर किंवा अ‍ॅक्सेस हाताशी असेल तर तेही चालेल, फक्त वर्षातून दोनदा साध्या मजकुरात एक प्रत काढून ठेवा.

एका टेबलात मूळ १२८ बाइट जसेच्या तसे. हे कधीही, कुणीही, कशासाठीही बदलायचे नाहीत. दुसऱ्यात तेच बाइट सोडवून १४५ आकडे वेगवेगळ्या रकान्यांत. (बाइट वाचवायला यामाहाने काही ठिकाणी दोन-दोन आकडे एकाच बाइटमध्ये कोंबले आहेत आणि ऑपरेटर सहापासून एकपर्यंत उलटे ठेवले आहेत, एवढं लक्षात ठेवलं की बाकी सोपं आहे.) तिसऱ्यात माणसांचं: देवनागरी नाव, बनवणारा, कार्यक्रम, शेरा. आणि एक रकाना ‘कशावरून बनवला’.

आता मजा बघा. ‘पीटीआय के१’ आणि ‘पीटीआय पी४’ यांचे आकडे शेजारी ठेवले तर नाव सोडून फक्त एका आकड्याचा फरक निघाला. तो होता ट्रान्सपोजचा. त्यात २४ म्हणजे मूळ जागा. एकात २५, दुसऱ्यात २९. पंचवीस म्हणजे अर्धा स्वर वर, म्हणजे काळी एक. एकोणतीस म्हणजे पाच अर्धस्वर वर, म्हणजे पांढरी चार. पेटी काळी एक, पेटी पांढरी चार! मामा बोटं नेहमी पांढरी एकचीच ठेवायचा आणि गायकाची पट्टी यंत्राला सांगायचा. मूळ डीएक्स ७ मध्ये ट्रान्सपोज आवाजासोबतच साठवला जातो, म्हणून एकाच पेटीने त्याच्या ३२ जागांतल्या चार खाल्ल्या होत्या. आणि त्या बाईंच्या आद्याक्षरांच्या आवाजात आकडा होता २०. चार अर्धस्वर खाली, म्हणजे काळी चार. मी मामाला फोन केला.

“मामा, या बाई काळी चारमध्ये गायच्या का?”

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुला कुणी सांगितलं गं?”

कुणी नाही, एका रकान्याने सांगितलं :)

माझ्या मित्रांना मी हेच सांगत असते. यादी करणं म्हणजे फक्त शोधायला सोपं करणं नव्हे. एकेक आवाज वेगवेगळा बघून जे दिसत नाही ते शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसतं. यंत्राच्या दोन ओळींच्या पडद्यावर हे आयुष्यात कळलं नसतं.

दुहेरी आवाज शोधायचं कामही असंच. नेटवरून उतरवलेल्या गठ्ठ्यांमध्ये तेच ते आवाज नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात. नावाचे दहा बाइट बाजूला ठेवून उरलेल्या ११८ बाइटांची तुलना केली की चोऱ्या उघड्या पडतात. पण इथेही आकड्यांवर आंधळा विश्वास नको. एखाद्या ऑपरेटरची पातळी शून्य असेल तर त्याचे बाकीचे वीस आकडे वेगळे असले तरी बहुतेक वेळा कानाला फरक पडत नाही. बाइट वेगळे, आवाज एकच. हे डेटाबेसला समजावून सांगावं लागतं, त्याला कान नाहीत.

आता संपादन. इथे मात्र माझ्या विरोधकांचं थोडं ऐकलं पाहिजे. सगळे आवाज टेबलात आले की हात शिवशिवतात. एक ओळीची आज्ञा द्यावी आणि सगळ्या आवाजांची पातळी दहाने कमी करावी. पण एफएममध्ये ‘पातळी’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. जो ऑपरेटर थेट ऐकू येतो, त्याची पातळी म्हणजे आवाजाचा मोठेपणा. जो दुसऱ्याला हलवतो, त्याची पातळी म्हणजे आवाजाची धार. सरसकट सहांची पातळी उतरवलीत तर पेटी मवाळ होत नाही, बोथट होते. सनईची तर पिपाणी होते. कुठला ऑपरेटर ऐकू येणारा आणि कुठला हलवणारा, हे अल्गोरिदमवर अवलंबून. पाचव्या अल्गोरिदममध्ये, ज्यावर तो प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानो आहे, एक, तीन आणि पाच ऐकू येतात. बत्तिसाव्यात सहाही ऐकू येतात, म्हणून त्यावर ऑर्गन छान होतो. सोळाव्यात फक्त एक. ही बत्तीस ओळींची माहिती वेगळ्या टेबलात घालून ती आवाजांच्या टेबलाला जोडली, आणि मग ‘फक्त ऐकू येणाऱ्यांची पातळी कमी कर’ म्हटलं, की काम बरोबर होतं. पुन्हा बेरजेचा बाइट काढायचा, गठ्ठा बांधायचा, यंत्राचं मेमरी प्रोटेक्ट काढून परत पाठवायचा. त्याआधी गठ्ठा संगणकावरच्या ‘डेक्स्ड’ या फुकट डीएक्स ७ मध्ये ऐकून बघता येतो.

दोन आवाजांची सरासरी काढून तिसरा बनवणारेही आहेत. दोघांचा अल्गोरिदम एकच असेल तर कधीमधी काहीतरी गंमतशीर हाती लागतं. वेगवेगळा असेल तर ते पुरणपोळी आणि मिसळीची सरासरी काढण्यासारखं आहे. मी त्या वाटेला जात नाही. माझ्या मते डेटाबेसमधून संपादन करावं ते हमाली कामाचं: पट्टी बदलणं, मोठेपणा जुळवणं, नावं लावणं. सनईला ओठ कुठे लावायचा हे मात्र कानाने आणि सरकपट्टीनेच. असा बदललेला आवाज नव्या ओळीत जातो, ‘कशावरून बनवला’मध्ये मूळचा क्रमांक टाकून. मूळ ओळीला हात नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे की वाजवणं यात येत नाही. मामा सनई वाजवताना डाव्या हाताने पिच व्हील सतत हलवत असे, त्याच्याशिवाय मींड यायचीच नाही. ते चाक किती आणि कधी फिरवायचं हे १४५ आकड्यांत नाही. मी तोच आवाज लावून वाजवते तेव्हा तो शाळेच्या बँडसारखा वाटतो. शेऱ्यात लिहिलंय, ‘चाकाशिवाय वाजवू नये’. मामाच्याच शब्दांत.

गेल्या उन्हाळ्यात लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन सांगलीला गेले होते. मामाला अलीकडे नावं आठवत नाहीत. परवाची गोष्ट विचारली तर चिडतो, मामीला माहीत आहे. पण एकेक आवाज वाजवला की पुढचं सगळं बाहेर यायचं. कुठल्या गावची जत्रा, पाऊस आला म्हणून प्लास्टिक कुणी धरलं, कुठल्या लावणीला लोकांनी तीनदा वन्स मोअर घेतला. मी टाइप करत होते. ‘एसएनएल २’ म्हणजे सनई लग्नाची, आणि पहिली कुठे गेली विचारलं तर म्हणाला, “ती रडकी होती, पुसली.” तीन आवाजांना मात्र मान हलवली. “हे माझे नाहीत.” ऑर्केस्ट्रातल्या दुसऱ्या एका वादकाने बनवले होते, तो आता नाही. मामाने त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, अगदी न अडखळता सांगितलं आणि म्हणाला, “आधी ते लिही.”

लिहिलं. ‘कुणी बनवला’ हा रकाना मी आधी सवयीने ठेवला होता. आता या सगळ्या उद्योगातला तोच मला सर्वांत गरजेचा वाटतो.

घरात सध्या वाद आहे तो हे आवाज नेटवर ठेवायचे की नाही यावर. धाकट्या मामाचं म्हणणं, फुकट कशाला वाटायचे. मामीचं म्हणणं, कोण ऐकणार आहे. मामाचं म्हणणं, ठेव. माझंही मत ठेवावेत असंच आहे, पण नुसती ४,१०४ बाइटांची फाइल म्हणून नव्हे. तशी ठेवली तर आठवड्याभरात कुणाच्या तरी गठ्ठ्यात नाव बदलून जाऊन बसेल. सोबत माणसांचं टेबलही जाईल, देवनागरीत. ज्याला ते नको असेल त्याने ते काढून टाकावं, पण आपल्या हाताने काढून टाकावं. त्या दुसऱ्या वादकाच्या तीन आवाजांसाठी त्यांच्या मुलीला विचारायचं आहे. मामाने निरोप पाठवला आहे, उत्तर यायचं आहे. तोवर ते तीन बाजूला.

बत्तीसपैकी पंचवीस ओळी भरल्या. चार मामाला ओळखता आल्या नाहीत, आणि वरचे तीन असे. त्या चारांतला एक बासरीसारखा आहे, अल्गोरिदम सोळा, ट्रान्सपोज २५, म्हणजे काळी एकच्या गायकासाठीच. एवढं आकडे सांगतात, पुढे गप्प. मिरजेच्या मावशीकडे आणि जयसिंगपूरच्या मंडळींकडे जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट होत्या हे मला पक्कं आठवतं. माळ्यावर असतील तर काढा, पण वाजवून बघू नका, पट्टी चिकटली असेल तर तुटेल. दिवाळीला येतेय तेव्हा घेऊन जाईन.